हश्त बिहिश्त : एका राजोद्यानाच्या नांवाचें परीक्षण

१

जुना फारशी कागद लावतांना नांवाइतका उपयोगी साक्षीदार दुसरा नाहीं, आणि नांवाइतका फसविणाराहि दुसरा नाहीं. कागदाची तारीख फाटलेली असते, शिक्का पुसलेला असतो, शेवटचें पान वाळवीनें खाल्लेलें असतें. अशा वेळीं मजकुरांत एखादें ओळखीचें स्थलनाम लागलें म्हणजे संग्राहकाचा जीव भांड्यांत पडतो, व त्या एका नांवावरून कागदाचा देश, काल आणि विषय ठरवून तो मोकळा होतो. नांदेड व लातूर हे जिल्हे १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यांत होते, आणि त्या राज्याची दफ्तरची भाषा १८८४ च्या सुमारास उर्दू होईपर्यंत फारशी होती. म्हणून या प्रांतांतील संग्राहकांवर असा प्रसंग वारंवार येतो. त्यांस उपयोग व्हावा या हेतूनें एकाच नांवाची उलटतपासणी करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें नांव ‘हश्त बिहिश्त’.

हें नांव आज मुख्यतः इराणांतील इस्फहान शहराच्या महालामुळें सर्वांच्या परिचयाचें झालें आहे. सफवी वंशांतील शाह सुलेमान यानें तो महाल १६६९ सालीं बुलबुलांच्या बागेंत उठविला. त्याच नांवाची एक बाग व तिच्यांतील जलमंदिर आपल्या महाराष्ट्रांत, अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगरच्या) वायव्येस सावेडीच्या बाजूस होतें. त्याचे पडके अवशेष शिल्लक आहेत. नांव एक, मध्यभागीं महाल व सभोंवार बाग ही रीत एक, दोन्ही इमारतींचा आकार अष्टकोनी. यावरून नगरची बाग इस्फहानची नक्कल असली पाहिजे असा समज होणें अगदीं सोपें आहे. आमचें म्हणणें असें कीं, हा समज मुळांतच चुकीचा आहे. इतकेंच नव्हे, तर ज्या तर्कपद्धतीनें तो उत्पन्न होतो तीच पद्धति आपल्या कंधार-औशाच्या कागदांचीहि नासाडी करीत असते.

२

प्रथम शब्द पाहूं. ‘हश्त’ म्हणजे आठ. हा शब्द संस्कृत ‘अष्ट’ याचा सख्खा भाऊ आहे. ‘बिहिश्त’ म्हणजे स्वर्ग. अवेस्ता ग्रंथाच्या भाषेंत ‘वहिश्त’ या शब्दाचा अर्थ सर्वोत्तम असा आहे. सर्वोत्तम असें जें अस्तित्व तोच स्वर्ग, या अर्थानें पुढें तें विशेषणच स्वर्गवाचक नाम होऊन बसलें. संस्कृतांत याचें भावंड म्हणजे ‘वसिष्ठ’. तेव्हां ‘हश्त बिहिश्त’ याचीं दोन्ही पदें संस्कृतज्ञ वाचकास दूरचीं वाटण्याचें कारण नाहीं. पण भाऊबंदकी ही एक गोष्ट आणि बापलेकपणा ही दुसरी. दोन भाषा एका मूळच्या असल्यानें त्यांच्यांत असे जोड सांपडतात. त्यावरून एका भाषेंतील नांव दुसऱ्या भाषेंतील नांवापासून निघालें असें सिद्ध होत नाहीं. उद्यां कोणी ‘हश्त बिहिश्त’ हें मूळचें ‘अष्टवसिष्ठ’ असून तेथें पूर्वीं ऋषींचा आश्रम होता असें लिहूं लागल्यास त्यास व्युत्पत्ति येते असें म्हणतां येईल, इतिहास येतो असें म्हणतां येणार नाहीं.

स्वर्ग आठच कां? इस्लामी परंपरेंत स्वर्गास आठ दरवाजे मानले आहेत, व फारशी काव्यांत आठ स्वर्ग हा पडून गेलेला संकेत आहे. म्हणजे हें नांव इमारतीच्या मोजमापांतून उत्पन्न झालेलें नसून धर्मकल्पना व काव्य यांतून आलेलें आहे. दिल्लीच्या अमीर खुस्रौनें १३०२ च्या सुमारास याच नांवाची मस्नवी लिहिली. ती निजामी गंजवीच्या ‘हफ्त पैकर’ या काव्याच्या उत्तरादाखल आहे. निजामीचे सात, तर आपले आठ, असा त्यांत कवीचा डौल आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभीं इद्रीस बिदलीसी यानें उस्मानी तुर्कांच्या पहिल्या आठ सुलतानांचा इतिहास फारशींत लिहिला, आणि त्यासहि ‘हश्त बिहिश्त’ हेंच नांव दिलें. एक काव्य, एक तवारीख आणि पुढें सांगावयाच्या निरनिराळ्या बागा व महाल या सर्वांवर एकच नांव बसलें आहे. यावरून संग्राहकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, कागदांत ‘हश्त बिहिश्त’ ही अक्षरें लागलीं म्हणजे तो कागद बागेचाच आहे असें होत नाहीं. पुस्तकांच्या यादींत तें नांव आलें असल्यास तें काव्याचें किंवा तवारीखेचें असण्याचाच संभव अधिक.

३

आतां कालक्रम पाहूं. नकलेचा वाद एका तारखेनें जसा तुटतो तसा शंभर उपमांनीं तुटत नाहीं.

या नांवाचा सर्वांत विख्यात असा जुना महाल इस्फहानचा नसून तब्रीझचा होय. आक कोयुन्लु तुर्कमानांचा सुलतान उझून हसन १४७८ सालीं वारला. त्याचा मुलगा याकूब यानें १४९० पर्यंत राज्य केलें, आणि त्याच्या कारकीर्दींत तब्रीझच्या साहिबाबाद बागेंतील ‘हश्त बिहिश्त’ पुरा झाला. १५०१ सालीं शाह इस्माईल सफवी यानें तब्रीझ घेतलें तेव्हां हा महाल नव्या राजवंशाच्या हातीं आला. पुढें थोड्याच वर्षांनीं व्हेनिसचा एक व्यापारी तेथें गेला व त्यानें त्याचें सविस्तर वर्णन लिहून ठेविलें. या व्यापाऱ्याचें नांव ग्रंथांत नाहीं, पण त्याची साक्ष मोलाची आहे. त्याच्या कानास हें नांव ‘अस्तिबिस्ती’ असें ऐकूं आलें. आपल्या भाषेंत त्याचा अर्थ ‘आठ भाग’ असा होतो व महालाचे भाग आठ आहेत म्हणून हें नांव पडलें, असें तो सांगतो. शिवाय महालाचें कर्तृत्व तो मुलाकडे न देतां बापाकडे देतो.

या साक्षीचें आम्ही मुद्दाम पृथक्करण करतों, कारण समकालीन साक्षीदार म्हणजे बिनचूक साक्षीदार हा समजहि आपल्यांत फार बळावला आहे. व्यापाऱ्यानें महाल डोळ्यांनीं पाहिला. त्याचे दालन, बाग, भिंतींवरील चित्रें याविषयीं त्याचें म्हणणें मानलें पाहिजे. परंतु ‘बिहिश्त’ म्हणजे भाग नव्हे. तो अर्थ त्यानें इमारत पाहून नांवावर लादला, किंवा कोणा वाटाड्यानें त्यास सांगितला. डोळ्यांनीं पाहिलेलें खरें व कानांनीं ऐकलेलें खोटें, असे दोन्ही प्रकार एकाच वाक्यांत असूं शकतात. बखरकार असो, प्रवासी असो, त्याच्या वाक्याचे असे दोन तुकडे केल्यावांचून तें वापरूं नये.

तब्रीझनंतर हें नांव हिंदुस्थानांत बागेवर दिसतें तें आग्र्यास. बाबरानें १५२६ सालीं पानिपत जिंकल्यावर यमुनाकांठीं ज्या बागा लावल्या त्यांत ‘हश्त बिहिश्त’ ही एक होती, व तिचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रांत आहे. त्याच पिढींत, म्हणजे पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दीच्या काळांत, नगरच्या बागेनें हें नांव धारण केलें. बुऱ्हाण १५५३ सालीं वारला. इस्फहानचा महाल उभा राहिला तो १६६९ सालीं, म्हणजे बुऱ्हाणाच्या मृत्यूनंतर ११६ वर्षांनीं. त्या वेळीं निजामशाही बुडून ३३ वर्षें झालीं होतीं. एवढ्या तारखा जुळवून पाहिल्यावर नगरनें इस्फहानची नक्कल केली हें म्हणणें नातवानें आजास जन्म दिला असें म्हणण्यासारखें आहे.

मग इस्फहाननें नगरची नक्कल केली असें म्हणावें काय? आमच्या कांहीं अभिमानी मित्रांस हें उलट विधान रुचेल. परंतु तेंहि तितकेंच निराधार आहे. दोघांच्याहि मागें तब्रीझ आहे, आणि तब्रीझच्याहि मागें काव्यसंकेत आहे. सफवी राजांस तब्रीझचा महाल घरचाच होता. त्यांस नांवासाठीं दक्षिणेकडे पाहण्याचें कारण नव्हतें. इमारती एकमेकींपासून जन्मल्या नाहींत. नांव मात्र कवींच्या, मुनशींच्या आणि गवंड्यांच्या तोंडीं देशोदेशीं फिरत राहिलें व जेथें राजा, पाणी आणि पैसा मिळाला तेथें तें उतरलें.

४

येथें एक आक्षेप येईल. नगरचें जलमंदिर अष्टकोनी आहे, इस्फहानचा महालहि अष्टकोनी आहे, तब्रीझच्या महालाचे भाग व्यापारी आठ सांगतो. मग नांव आकारावरून पडलें नाहीं असें कसें म्हणावें? आमचें उत्तर असें कीं, नांव व आकार यांचा संबंध आम्ही नाकारीत नाहीं, त्यांचा क्रम नाकारतों. नांव आधींचें आहे, अष्टकोन मागचा आहे. आठ स्वर्गांचें नांव द्यावयाचें ठरल्यावर सुतारगवंड्यांनीं आठ बाजू साधल्या.  नांवाप्रमाणें वस्तु घडविणें ही त्या संस्कृतीची रीतच होती.

कधीं वस्तु नांवाप्रमाणें घडविली नाहीं, तर लोक हिशेब जुळवून घेतात. इस्फहानांतच १६४७ सालीं दुसऱ्या शाह अब्बासानें पुरा केलेला ‘चिहिल सुतून’ म्हणजे ‘चाळीस खांब’ या नांवाचा महाल आहे. त्याच्या पडवीस खांब वीस. पुढच्या हौदांत त्यांचें प्रतिबिंब पडतें म्हणून चाळीस झाले, असें तेथील लोक मोठ्या कौतुकानें सांगतात. कथा गोड आहे. परंतु फारशींत चाळीस हा आंकडा पुष्कळ या अर्थीं चालतो. पर्सेपोलिसच्या खांबांच्या ओसाड जागेसहि ‘चिहिल मिनार’ म्हणत असत, आणि तेथें तर प्रतिबिंबास हौद नव्हता. म्हणून नांवांतील आंकडा हा हिशेबाचा आंकडा समजून मोजणीस बसूं नये. बारव, वेस, बुरूज यांच्या नांवांत आपल्याकडेहि आंकडे येतात. तेथेंहि हाच नियम लावावा.

५

नगरच्या बागांच्या नांवांत दुसरी एक गुंतागुंत आहे, ती संग्राहकांच्या अधिक उपयोगाची आहे. ‘हश्त बिहिश्त’ बागेचें पहिलें नांव ‘फैजबख्श’ होतें अशी परंपरा आहे. नगरच्या आग्नेयेस दुसरी प्रसिद्ध राजवाटिका आहे तिचें नांव ‘फरहबख्श’. लोकांच्या तोंडीं ती फराहबाग किंवा फर्याबाग झाली. पहिल्या मुर्तजा निजामशहाच्या (कारकीर्द १५६५ ते १५८८) काळीं ती उभारली, आणि १५८३ सालीं सलाबतखानाच्या देखरेखीखालीं तिचें काम पुरें झालें. फैज म्हणजे कृपा, फरह म्हणजे आनंद. एक कृपा देणारी, दुसरी आनंद देणारी. अर्थ दूर असले तरी रूपें इतकीं जवळ आहेत कीं, घाईचा नकलनवीस एकीचा मजकूर दुसरीच्या पदरीं सहज घालील.

त्यांतून फारशी लिपीचा स्वभाव पाहा. ‘फरह’ या शब्दांतील शेवटच्या ‘हे’ अक्षरावर एक नुक्ता पडला कीं तें ‘खे’ होतें व ‘फर्रुख’ वाचलें जातें. शिकस्ता लिहिणारा मुनशी तर नुक्ते देण्याचे श्रमच घेत नाहीं. मग तोच शब्द मोडींत उतरतो तेव्हां ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहींसा होतो, आणि मोडींतून बाळबोधींत येतो तेव्हां उतारणारा आपल्या समजुतीप्रमाणें तो दुरुस्त करतो. अशा तीन उंबरठ्यांवरून आलेल्या नांवास मूळ रूप विचारल्यावांचून पंक्तीस बसवूं नये.

शिवाय हीं नांवें एकट्या नगरचीं नाहींत. काश्मिरांत शालिमार बागेचा एक भाग जहांगीरानें १६१९ च्या सुमारास लावला, त्याचें नांव फरहबख्श. शाहजहानाच्या वेळीं १६३० च्या सुमारास त्यास जोड दिली, तिचें नांव फैजबख्श. पुढें १६४१-४२ सालीं लाहोरास शालिमार झाली, तिच्याहि पायऱ्यापायऱ्यांच्या बागांस फरहबख्श, फैजबख्श, हयातबख्श हीं नांवें मिळालीं. नगरची जोडी यांच्या आधींची आहे. म्हणून मोंगली कागदांत बागेचें नांव फरहबख्श आलें म्हणजे तें नगरचेंच, असा निर्णय करणें घातक आहे. व नगरवरूनच काश्मिरास नांव गेलें असें म्हणणेंहि तितकेंच घातक आहे.

याच फराहबागेविषयीं एक विधान सर्रास ऐकूं येतें कीं, ताजमहालाची कल्पना शाहजहानास हिच्यावरून सुचली. ताजचें काम १६३२ सालीं सुरू झालें, शाहजहान दक्षिणेंत राहून गेला होता, एवढ्या दोन खऱ्या गोष्टींवर हें विधान उभें आहे. पण मधल्या घुमटाभोंवतीं आठ दालनें गुंफण्याची रचना शाहजहानाच्या घरांतच होती. दिल्लीस त्याच्या पणजोबाची, हुमायूनाची, कबर याच रचनेची असून ती १५७१ च्या सुमारास, म्हणजे फराहबाग पुरी होण्यापूर्वीं बारा वर्षें, उभी राहिली होती. घरच्या विहिरीचें पाणी पिणाऱ्यास शेजाऱ्याच्या आडाचें ऋण कां लावावें? फराहबागेची थोरवी ताजच्या उसन्या तेजावर अवलंबून नाहीं. तळ्याच्या मध्यभागीं उभी असलेली ती भव्य वास्तु स्वतःच्या नांवानें ओळखली जाण्यास पूर्ण पात्र आहे.

नगरकरांस हा दोष कळण्यास दूर जाणें नको. शहराच्या पूर्वेस डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते तिला सारे ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. ती महाल नव्हे, व चांदबिबीचीहि नव्हे. ती फराहबाग पुरी करणाऱ्या सलाबतखानाची कबर आहे. ज्यानें दुसऱ्याची बाग नांवारूपास आणली त्याच्या थडग्यावरून त्याचेंच नांव पुसलें गेलें. लोकांच्या तोंडचें नांव हें लोकांच्या प्रेमाचें प्रमाण असतें. बांधणाराचें प्रमाण नसतें.

६

आतां आमच्या प्रांताकडे वळतों. नगरच्या बागांचा नांदेड-लातुराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध एका माणसाच्या द्वारें आहे. तो माणूस शाह ताहिर हुसैनी. हा विद्वान इराणांतील काशान येथें अध्यापन करीत असतां शाह इस्माईलाचा रोष ओढवून १५२० च्या सुमारास देशत्याग करून निघाला व गोव्यास उतरला. विजापुरास त्याची कदर झाली नाहीं. पुढें तो परंड्यास आला. तेथें ख्वाजा जहानानें त्यास ठेवून घेतलें. बुऱ्हाण निजामशहाचा गुरु पीर मुहम्मद शिरवानी कामानिमित्त परंड्यास गेला तो त्याचा शिष्यच होऊन राहिला, व त्याच्या शिफारशीवरून १५२२ सालीं शाह ताहिर नगरच्या दरबारीं आला. १५३७ सालीं बुऱ्हाणानें शिया पंथ स्वीकारला तो याच्याच उपदेशानें. म्हणजे इराणी विद्या नगरास गेली ती आमच्या परंड्याच्या किल्ल्यांतून गेली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ज्या दरबारीं असा पुरुष बसत होता तेथें तब्रीझच्या महालाचें नांव ठाऊक असणें यांत नवल नाहीं. तथापि बागेस हें नांव शाह ताहिरानेंच सुचविलें असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणावयास अस्सल लेख पुढें आला पाहिजे. इराणचा रस्ता त्याच्या आधींच खुला होता. गीलानचा महमूद गवान यानें १४७२ सालीं बिदरास मदरसा बांधला, आणि त्याच्या ‘रियाजुल इन्शा’ या पत्रसंग्रहावरून इराण-तुर्कस्थानच्या दरबारांशीं त्याचा पत्रव्यवहार दिसून येतो. बिदर उदगिरापासून फार लांब नाहीं. अशा स्थितींत एका नांवाचें श्रेय एका माणसाच्या पदरीं टाकणें सोयीचें असतें, पण शास्त्रीय नसतें.

शाह ताहिराची दुसरी हकीकत मात्र आमच्या किल्ल्यांशीं प्रत्यक्ष भिडते. १५४२ च्या सुमारास अली बरीद बिदरच्या गादीवर आला. त्याचें अभिनंदन करण्यासाठीं बुऱ्हाणानें शाह ताहिरास पाठविलें असतां तेथें त्याचा अवमान झाला, व त्याचा सूड म्हणून बुऱ्हाणानें स्वारी करून औसा, उदगीर व कंधार हे तीन किल्ले बरीदशाहीपासून तोडले, असें फेरिश्त्याच्या तवारीखेवरून समजतें. औसा व उदगीर आज लातूर जिल्ह्यांत आहेत, कंधार नांदेड जिल्ह्यांत. आठ स्वर्गांची बाग ज्या राजाच्या काळची, त्याच राजानें एका पंडिताच्या मानापमानावरून आमचे तीन किल्ले आपल्या राज्यास जोडले. बागेचा इतिहास आणि किल्ल्यांचा इतिहास असा एकाच दरबारांत गुंतलेला आहे. फेरिश्ता स्वतः तरुणपणीं नगरच्या चाकरींत होता व १५८९ सालीं विजापुरास गेला. ‘बुर्हान-इ-मआसिर’ लिहिणारा सय्यद अली तबातबा हाहि नगरचाच. दोघांचें वाचन एकमेकांशीं ताडून केल्यावांचून या काळाविषयीं लिहूं नये.

या तीन किल्ल्यांपैकीं कंधाराच्या नांवानें जो घोटाळा होतो तो पाहिला म्हणजे ‘हश्त बिहिश्ता’चा धडा आमच्या घरांत कसा उपयोगीं पडतो तें कळेल. फारशी लिपींत आमचें कंधार व अफगाणिस्थानांतील कंदाहार हीं एकाच अक्षरांनीं लिहितात. १६३१ सालीं शाहजहानाचा सरदार नसीरीखान यानें जें घेतलें तें तेलंगणच्या बाजूचें आमचें कंधार. १६३८ सालीं अलीमर्दानखानानें शाहजहानाच्या हवालीं केलें तें इराणच्या हद्दीवरचें कंदाहार. दोहोंमध्यें अंतर सात वर्षांचें, बादशहा एक, अक्षरें एक. नसीरीखानास पुढें खान दौरान हा किताब मिळाला व १६३६ सालीं उदगीर व औसा घेणारा तोच होय. तेव्हां सरदाराचीं नांवेंहि दोन. वेढ्याचा एखादा सुटा कागद सांपडला व त्यांत ‘कंधार’ एवढेंच असलें, तर तो इराणच्या लढाईचा समजून बाजूस पडतो. असा कागद हरवत नाहीं. तो चुकीच्या बस्त्यांत जिवंत पुरला जातो. हरवलेला कागद कोणी तरी शोधतो. चुकीच्या बस्त्यांतील कागदास कोणी शोधीत नाहीं.

लातुराचें उदाहरण याच्या उलट आहे. राष्ट्रकूट व पुढील रट्ट राजे आपणांस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हें लट्टलूर म्हणजे मध्य प्रांतांतील बिलासपूरकडील रतनपूर असें फ्लीटसाहेबांनीं प्रथम मानलें होतें. पुढें तें मत मागें पडून लट्टलूर म्हणजे आमचें लातूर हें सर्वमान्य झालें. येथें नांवानें खरी वाट दाखविली. पण तेथेंहि मर्यादा आहे. त्या बिरुदाचा अर्थ ते राजे लातुरांत राहून राज्य करीत होते असा नाहीं; राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट होती. बिरुदांतील गांव हें कुळाच्या आठवणींतील गांव असतें. आठवण ही साक्ष आहे, पत्ता नव्हे.

७

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष आम्ही संग्राहकांपुढें थोडक्यांत ठेवतों. कागदांत प्रसिद्ध नांव आलें म्हणजे प्रथम त्याच्या मागचापुढचा शब्द पाहावा. बाग, इमारत, हौद, किल्ला, परगणा, मस्नवी, तवारीख यांपैकीं कोणता शब्द त्यास लागला आहे यावर निम्मा निकाल होतो. नंतर तारीख पाहावी. ती नसल्यास कागदांतील माणसांच्या किताबांवरून वर्षांची कमाल व किमान मर्यादा बांधावी, कारण किताब बदलतात व त्यांच्या बदलण्याचीं वर्षें तवारीखांत सांपडतात. मग नांवाचें जें रूप कागदांत आहे तें जसेंच्या तसें, नुक्त्यांसह किंवा नुक्त्यांवांचून, उतरून घ्यावें. आपली दुरुस्ती निराळ्या ओळींत लिहावी. आणि ज्याविषयीं निर्णय होत नाहीं तो कागद तर्कानें कोणत्याहि बस्त्यांत न कोंबतां अनिर्णीतांचें निराळें दप्तर करून त्यांत ठेवावा.

आजच्या काळास एक सूचना अधिक केली पाहिजे. अलीकडील थोड्या वर्षांत औरंगाबादेचें छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादेचें धाराशिव व अहमदनगराचें अहिल्यानगर झालें. राज्यव्यवहारांत नवीं नांवें चालतील हें योग्यच आहे. परंतु कागदांच्या याद्या करणाऱ्यानें कागदांतील मूळ नांव आणि आजचें नांव हीं दोन्ही शेजारीं शेजारीं नोंदावीं. एकास दुसऱ्याच्या जागीं बसवूं नये. १९८२ पूर्वीं लातूर हा स्वतंत्र जिल्हा नसून उस्मानाबादेचा भाग होता. तेवढी एक गोष्ट विसरलेला मनुष्य लातूरचे कागद लातूरच्या नांवाखालीं शोधीत बसेल व रित्या हातांनीं परत येईल. आपण आज जी यादी करतों ती शंभर वर्षांनीं स्वतःच एक जुना कागद होणार आहे, व तींतील नांवांवर कोणी तरी असाच विश्वास टाकणार आहे.

तब्रीझचा महाल आज उरला नाहीं. त्याचें नांव उरलें आहे. इस्फहानचा महाल विसाव्या शतकांत कुशल हातांनीं सांवरला गेला, आणि त्या कामास, तेथील दुसऱ्या दोन राजवास्तूंच्या कामासह, १९८० सालीं आगाखान पारितोषिक मिळालें. नगरच्या बागेचे दगड उघड्यावर आहेत. तिच्या नांवास इस्फहानची शेपटी जोडून तिचा मान वाढत नाहीं; तिचें मोजमाप, तिच्या पाण्याची वाट, तिच्यासंबंधींचा प्रत्येक कागद नोंदला गेल्यानें तो वाढेल. यांतील कागदांचें काम नगरच्या विद्वानांनींच करावें असें नाहीं. ज्या दरबारानें औसा, उदगीर व कंधार घेतले त्या दरबाराचे धागे त्या किल्ल्यांच्या आसपासच्या घरांतूनहि निघूं शकतात. आमच्या नांदेड-लातूरकडील मित्रांनीं आपापल्या पेट्या उघडून, ‘कंधार’, ‘फरह’, ‘फैज’, ‘बिहिश्त’ हीं अक्षरें जेथें जेथें दिसतील ते कागद पुन्हां एकदां, तर्क बाजूस ठेवून, वाचावेत अशी त्यांस आमची विनंति आहे. त्यांतून आमचें एखादें विधान खोटें ठरलें तर तें मागें घेण्यास आम्हांस संकोच वाटणार नाहीं.